नॅनोसेकंद असले म्हणून प्रत्येक वेळ वेगळी होत नाही
ड्रायव्हरमधल्या (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमधल्या) प्रत्येक नोंदीला वेगळा आकडा हवा, तर नॅनोसेकंदांतली वेळ लावली की झालं, असं सुचवलं जातं. नाही होत. प्रोसेसरच्या दोन कोअरनी एकदमच घड्याळ वाचलं तर आकडा तोच येऊ शकतो. रिअलटाइम, म्हणजे तारीख-वेळ दाखवणारं घड्याळ, तर नकोच; नेटवर्कवरून वेळ जुळवणारं एनटीपी ते मागेही नेऊ शकतं. मोनोटॉनिक, म्हणजे फक्त पुढे मोजत जाणारं घड्याळ, मागे जात नाही, पण तोच आकडा दोनदा देऊ शकतं.

लिनक्समध्ये मी शेवटचा दिलेला आकडा ६४ बिटी अ‍ॅटॉमिकमध्ये (अनेक कोअरनी एकदम बदलला तरी न बिघडणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवतो. आत्ताची वेळ त्याहून मोठी असेल तर ती घ्यायची, नाहीतर शेवटचा अधिक एक, मग कम्पेअर-एक्सचेंज (जुना आकडा अजून तोच असेल तरच नवा लिहायचा). मध्येच दुसऱ्या कोअरने आकडा बदलला असेल तर पुन्हा फेरी. लॉक नाही, त्यामुळे इंटरप्टमधूनही, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमधूनही, चालतं. (एनएमआयमध्ये, म्हणजे रोखता न येणाऱ्या इंटरप्टमध्ये, मात्र वेळ वाचायला मोनोटॉनिकचा फास्ट प्रकारच घ्या, साधा तिथे लटकू शकतो.)

फुकट काहीच नाही. सगळे कोअर एकाच कॅशलाइनवर (कॅश मेमरीच्या एका तुकड्यावर) येऊन अडकतात, संध्याकाळी सहाचं हिंजवडी! नुसता क्रमच हवा असेल तर वेळेच्या भानगडीत न पडता साधा काउंटर वाढवा. आणि नोंदी डिस्कवर जाणार असतील तर सोबत बूट आयडी (दर बूटला बदलणारी ओळख) लिहाच, कारण रीबूटनंतर मोनोटॉनिक नव्याने सुरू होतं.