सत्तरी ओलांडली म्हणून गाडीची किल्ली काढून घ्यायची?

गोदाकाठचा गुरुजी
आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल एका पोरानं टाकलं, "सत्तरीच्या पुढच्यांचं लायसन्स सरळ रद्द करा. म्हातारे घरी बसले की निम्मे अपघात कमी होतील." खाली चाळीस अंगठे. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहायलो.

मी ७२ वर्षांचा. गाव गंगाखेडपासून चौदा किलोमीटर आत. हिचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, परभणीला. सातला नंबर असतो, म्हणजे साडेपाचला घर सोडायचं. गावात पहिली एसटी साडेआठला, आणि नाल्याला पाणी आलं की तीही नाही. पासष्टीनंतर अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर फुकट, चांगलंच आहे. पण बसच नसेल तर सवलत कशाची? भाड्याची गाडी एका खेपेला दीड हजार घेते. १९८४ पासून चालवतोय, आधी राजदूत, मग जीप, आता ही छोटी मारुती. आजवर माझ्यामुळं कुणाला खरचटलंसुद्धा नाही. किल्ली घेणाऱ्यांनी आधी हिला परभणीला कोण नेणार ते सांगावं.

औसा रोड
गुरुजी, शंभर टक्के बरोबर. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची. लातूरच्या रिंगरोडवर संध्याकाळी उभं राहून बघा, मोबाइल कानाला लावून ट्रिपल सीट कोण चाललंय. म्हातारं माणूस चाळीसच्या वेगापुढं जातच नाही.

बीडची लेक
तो आकडा मेलेल्यांचा आहे, चूक कुणाची होती त्याचा नाही. रस्त्यावर तरुण जास्त, म्हणून मरणाऱ्यांतही तेच जास्त. त्यावरून म्हातारे सुरक्षित चालवतात हे कुठं सिद्ध झालं?

अपघात झाला तेव्हा आमचे बाबा ७४ चे होते. तेही हेच म्हणायचे, कुणाला खरचटलं नाही. दिवाळीच्या आधी मांजरसुंब्याकडून येताना उजवीकडं वळले आणि डाव्या अंगानं येणारा मोटारसायकलवाला त्यांना दिसलाच नाही. बावीस वर्षांचा पोरगा. मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. नंतर कळलं, बाबांना काचबिंदू होता. त्यात बाजूची नजर आधी जाते, समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. लायसन्स मात्र तीन वर्षांपूर्वीच नवं करून आणलेलं. फॉर्म १-ए वर, म्हणजे लायसन्ससाठी लागणाऱ्या डॉक्टरी दाखल्यावर, डॉक्टरनं "कसं काय काका" विचारलं आणि शिक्का मारला. त्या फॉर्ममध्ये लांबच्या नजरेचं विचारतात काय, तर चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का. बाबांना ती आजही वाचता येते.

गुरुजी, राग मानू नका. साडेपाचला घर सोडता म्हणालात. थंडीत साडेपाचला काळोख असतो.

गोदाकाठचा गुरुजी
ताई, तुमच्या बाबांचं वाईट वाटलं. पण एका बाबांवरून सगळ्या बाबांना शिक्षा का? त्या शिक्का मारणाऱ्या डॉक्टरला धरा. आणि काळोखाचा रस्ता मला पाठ आहे.

बीडची लेक
रस्ता पाठ असतो. रस्त्यावर आलेलं माणूस पाठ नसतं.

जालन्याचा चालक
मी एसटीतून रिटायर झालो. काळोखाचं निघालंच आहे तर खरं बोलतो. तिशीत समोरून दिवा डोळ्यावर आला तरी गाडी पास झाली की लगेच रस्ता दिसायचा. आता दिवा गेल्यावर मनात चार-पाच आकडे मोजतो, तेवढा वेळ नुसतं पांढरं. ऐंशीच्या वेगात तेवढ्यात गाडी शंभर मीटर पुढं जाते. म्हणून दिवस मावळला की मी किल्लीला हात लावत नाही.

पण आमच्याकडं या चार आकड्यांत मारतं कोण? उसाची ट्रॉली! एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. दसरा झाला की मार्चपर्यंत हेच. पंक्चर झाली की तिथंच उभी, भोवती दगड. ट्रॉली जाते, दगड तसेच. माझ्या एसटीचा टायर अशाच दगडानं फुटला होता, आत पन्नास माणसं. आधी त्यांची लायसन्सं बघा, मग म्हाताऱ्यांची.

टोळीचा मुकादम नव्हे, शेतकरी
झालं. काही निघालं की ऊसवाला दिसतो. माझा तीन एकर आहे. तोड आली नाही तर उभा ऊस वाळतो, वजन घटतं, तेव्हा कोणी विचारायला येत नाही. कारखान्यानं कापडी रिफ्लेक्टर दिले होते, दोन खेपांत काळे झाले. ट्रॅक्टरवाल्याला रात्री नंबर लावायला लागतो, तीन-तीन दिवस झोप नसते. त्यात माझी काय चूक?

जालन्याचा चालक
फडकं मारायला किती वेळ लागतो दादा? दोन मिनिटं. लाख रुपयांचा ऊस लादता, दोनशेचा लाल दिवा परवडत नाही?

टोळीचा मुकादम नव्हे, शेतकरी
दिवा लावतो, खाचखळग्यात तुटतो. तुमच्या एसटीच्या मागचे दिवे सगळे लागायचे का? खरं सांगा.

जालन्याचा चालक
नाही लागायचे. डेपोत भांडून लावून घ्यायचो. तुम्हीही भांडा.

औसा रोड
आणि पांढऱ्या एलईडीवाल्यांचं काय? कंपनीचे दिवे काढून बाजारातले बसवतात, अप्पर खाली करत नाहीत. तरण्या माणसाचे डोळे दिपतात.

हिंजवडीतून
ऊस, एलईडी सगळं खरं, पण मूळ मुद्दा राहतोय. मी संभाजीनगरचा, नोकरीला पुण्यात. मागच्या वर्षी अप्पांकडून किल्ली घेतली. समृद्धीवर चुकीचं एक्झिट घेतलं म्हणून ते गाडी मागं घेत होते, १२० च्या रस्त्यावर! दुसरा पर्याय नव्हता. जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर लायसन्सला स्मरणशक्तीची चाचणी लागते. इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथच्या नवऱ्यानं, प्रिन्स फिलिपनं, ९७ व्या वर्षी दुसऱ्या गाडीला धडक दिली आणि महिनाभरात स्वतःहून लायसन्स परत केलं.

गोदाकाठचा गुरुजी
त्याच्या दारात ड्रायव्हर उभे होते. माझ्या दारात म्हैस आहे. तुम्ही पुण्यात बसून किल्ली घेता, पुढं बापाचं काय होतं ते बघायला येता का? फोनवर "अप्पा, ओला बोलवा" म्हणायला काय जातं? गंगाखेडच्या पुढं ओला येत नाही. तुमच्यासारखी लेकरंच म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून मारायलीत.

हिंजवडीतून
हे लागलं. अप्पांचं शनिवारी गुलमंडीवर जाणं बंद झालं, मित्र भेटेनात. रिक्षाने जा म्हटलं की "राहू दे" म्हणतात. सहा महिन्यांत बोलणं निम्म्यावर आलं. मला दिसतं ते, दर पंधरा दिवसांनी येतो मी. तरी किल्ली परत देणार नाही. ते मागं घेताना मी शेजारी बसलो होतो.

जालन्याचा चालक
सगळीच काढून कशाला घेतली? दिवसा, गावात, ओळखीच्या रस्त्यानं चालवू द्या. समृद्धी आणि रात्र बंद. मी स्वतःला हेच लावून घेतलंय.

हिंजवडीतून
डोळे तपासून घेतो त्यांचे. मग बघू. एवढंच म्हणेन.

बीडची लेक
नुसता चष्म्याचा नंबर नका तपासू. बाजूच्या नजरेची तपासणी वेगळी असते, पेरिमेट्री म्हणतात. यंत्रात हनुवटी टेकवायची, ठिपका दिसला की बटण दाबायचं. दुखत नाही. पण फॉर्म १-ए मध्ये ती मागतच नाहीत. वयावर बंदी मलाही नको, ही तपासणी सक्तीची हवी. त्या पोराचं हाड जुळलं, पण तो अजून लंगडतो. बाबा दर महिन्याला त्याच्या घरी जातात. एसटीनं.

औसा रोड
मेलेल्यांच्या आकड्याचं तुमचं मान्य, ताई. एलईडीचं सोडणार नाही.

गोदाकाठचा गुरुजी
ग्रुपवरच्या त्या पोराचं मी अजूनही मानत नाही. आणि किल्ली मुलाच्या हातात देणार नाही, कुणी कितीही सांगा.

डायलिसिसचा नंबर दहाचा मिळतो का, ते सोमवारी विचारतो. उजाडल्यावर निघता येईल. त्याला चार तास लागतात, मी बाहेर बाकावर बसूनच असतो. ताई, ती पेरिमेट्री परभणीत कुठं होते?

बीडची लेक
आधी सिव्हिलच्या नेत्र विभागात विचारा, गुरुजी. आणि घरात कुणाला काचबिंदू होता का, ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा. तो घराण्यात चालतो.

गोदाकाठचा गुरुजी
आईला होता.