हवेत सुकणाऱ्या क्लेचं डोकं तडकतंय, मान कलतेय आणि नऊवारीचा बोळा होतोय: ३० सेंमीची कोळीण

सुईदोरा
डोक्यावर टोपली घेतलेली उभी कोळीण करतेय. टोपली सोडून उंची ३० सेंमी, वय साधारण साठीचं. डोकं ५ सेंमी. आत ३५ मिमीची थर्माकोलची गोळी, वर कागदी लगद्याची हवेत सुकणारी क्ले एकाच दमात लावलेली. अंग कापडी, आत बांधकामावरची बाइंडिंग तार. अडचणी तीन.
१) दुसऱ्या दिवशी मानेच्या मुळाशी आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत तडे जातात. पाणी लावून बुजवले की तिथेच परत उघडतात.
२) टोपली ठेवली की डोकं पुढे झुकतं.
३) कॉटनच्या ब्लाउजपीसची नऊवारी नेसवली तर कंबर पोटापेक्षा जाड दिसते.
पॉलिमर क्लेकडे (ओव्हनमध्ये भाजून कडक होते ती) वळावं का? मुक्काम कोकणात, हवा दमट.

मातीकाम
तड्यांचं आधी. हवेत सुकणारी क्ले पाणी सोडते आणि आकसते. आतली गोळी आकसत नाही. मग जिथे थर पातळ किंवा जाडी एकदम बदलते तिथे ताण येऊन क्ले फाटते. मान आणि डोळ्यांचे कोपरे नेमके तसलेच. पाण्याने बुजवलेली भेग पुन्हा उघडणारच, कारण ती ओली भर पुन्हा आकसते.

पहिला थर ३ ते ४ मिमीचा, चेहरा न घडवता, नुसतं अंड्यासारखं. तो पूर्ण सुकू द्या. त्यावर सुईने आडवेउभे ओरखडे काढा, क्लेचीच पातळ खळ फासा आणि मग नाक, गाल, हनुवटीचा दुसरा थर चढवा. भुवया, पापण्या, सुरकुत्या तिसऱ्या हातात. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नका. वरचं कातडं आधी कडक होतं, आत ओल राहते आणि नंतर आतून ओढ बसते. पहिले काही तास झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा, मग उघडं, दर काही तासांनी फिरवून.

सुकलं का हे बोटाने कळत नाही. स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर वजन करा. लागोपाठ दोन दिवस आकडा तोच आला तर सुकलं. पावसाळ्यात एका थराला चार-पाच दिवसही लागतात. काटा नसेल तर आपल्या गालाला लावून बघा, गार लागलं तर अजून ओल आहे.

आधीच पडलेल्या भेगा ओल्या क्लेने भरू नका. भेग ब्लेडने व्हीसारखी रुंद करा. सुकलेल्या क्लेची पॉलिशपेपरने काढलेली पूड फेव्हिकॉलमध्ये कालवून त्याची लापशी आत दाबा. पूड आधीच आकसलेली असते, म्हणून ही भर जवळजवळ जागची हलत नाही.

डोळ्यांसाठी मात्र जपानी बाहुलीकारांची पद्धत मला सगळ्यांत पटते. तिकडे बाहुल्यांसाठी दगडाच्या पुडीची क्ले वापरतात, पाडिको कंपनीची ला डॉल हे त्यातलं ओळखीचं नाव. डोकं थर्माकोलवर घडवतात आणि सुकलं की बारीक करवतीने कानांच्या मागून, टाळूपासून मानेपर्यंत कापून मागची टोपी वेगळी करतात. थर्माकोल कोरून काढतात, भिंत सगळीकडे ५ मिमीच्या आसपास एकसारखी करतात. मग डोळे आतून बसवायचे आणि टोपी परत चिकटवायची, सांधा केसांखाली जातो. थर्माकोल थिनरने विरघळवू नका, आत चिकट लगदा राहतो.

डोळ्याचा मणी ५ ते ६ मिमीचा पुरे. खऱ्या प्रमाणात तो याहून थोडा लहान येतो, पण या मापात इतकी सूट शोभते. डोळ्यांची रेष डोक्याच्या बरोबर निम्म्यावर हवी. ती वर सरकली की साठीची बाई थेट कार्टून दिसते.

भट्टीवाले
पॉलिमर क्लेत पाणीच नसतं, त्यामुळे अशी आकसत नाही, आणि दमट हवेचाही त्रास नाही. पण तुमचा थर्माकोल त्यात चालणार नाही, भाजताना तो बसतो. आत अॅल्युमिनियम फॉइलचा गोळा, ठोकून ठोकून घट्ट केलेला. सैल राहिला तर अडकलेली हवा फुगते आणि गालावर फोड येतात.

तापमान पाकिटावरचंच पाळा. पॉलिमर क्लेच्या ब्रँडांपैकी सुपर स्कल्पी १३५ अंश सेल्सिअसच्या आसपास, दर ६ मिमी जाडीला १५ मिनिटं. फिमो ११० अंश, अर्धा तास. ओटीजीच्या (घरगुती छोट्या ओव्हनच्या) बटणावरच्या आकड्यांवर भरवसा नको, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. हा माल मुळात पीव्हीसी आहे, जळला तर घशाला झोंबणारा आम्लाचा धूर निघतो. नाक-कान करपू नयेत म्हणून वर फॉइलचा सैल तंबू करा, आणि भाजून झाल्यावर ओव्हनमध्येच निवू द्या. शक्य तर त्या ओव्हनमध्ये केक भाजू नका. स्प्रेचं वार्निश टाळा, पॉलिमरवर ते कित्येकदा महिनोन् महिने चिकट राहतं. पाण्यातलं मॅट वार्निश घ्या.

माझं मत विचाराल तर एका कोळणीसाठी ओव्हन घेऊ नका. चार-सहा डोकी एकदम भाजणार असाल तरच परवडतं.

सुईदोरा
कागदी क्लेवरच राहते. पण पावसाळ्यात क्लेला बुरशी येते त्याचं काय? आणि तार बदलावी का?

तारवाला
तार आज बदला. बाइंडिंग तार साधी लोखंडी. ओल्या क्लेत गंजते आणि रंगाखालून तांबूस डाग वर येतात. गेसोचे (रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचे) कितीही हात दिले तरी डाग पुन्हा फुटतो. अॅल्युमिनियमची घ्या. मणक्याला ३ मिमी, पायांना २.५, हातांना १.५ दुहेरी पिळलेली. बोटांना फुलवाल्यांकडची कागद गुंडाळलेली बारीक तार, तिच्यावर क्ले धरते.

झुकणाऱ्या डोक्याचा दोष मानेत नाही, भार कुठून खाली जातो त्यात आहे. टोपली डोक्यावर, डोकं क्लेच्या मानेवर आणि मान कापडाच्या पिशवीवर, असा भार दिला तर काहीही वाकेल. मणक्याची तार तशीच मानेतून, टाळूतून वर काढा आणि टोपलीच्या तळात घाला. भार तारेवर जाईल, डोकं नुसतं ओवलेलं राहील. टाळूवरचं भोक आणि तार चुंबळ, म्हणजे टोपलीखालची कापडाची गुंडाळी, झाकते. कोळणीला चुंबळ असतेच, त्यामुळे मुद्दाम लपवल्यासारखंही वाटत नाही. टोपलीत सगळे मासे क्लेचे भरू नका. खाली थर्माकोल, फक्त वरची एक रांग माशांची.

मानेच्या खालच्या टोकाला क्ले ओली असतानाच चौफेर २ मिमी खोल खाच पाडा. कापडाचं तोंड त्यावर चढवून गोधडीच्या दोऱ्याने खाचेत चार-पाच वेढे आवळा. नुसत्या फेव्हिकॉलवर मान कधीच सोडू नका, दमट हवेत तो मऊ पडतो.

पायांतून तार तळव्याखाली ३ सेंमी बाहेर ठेवा, लाकडी पाटाला ड्रिलने भोकं, आत अराल्डाइट. पाऊल साडेचार सेंमी आणि हाताचा पंजा साडेतीन. आपल्याकडच्या निम्म्या बाहुल्यांचे पंजे बाळाएवढे असतात, ते टाळा. टोपली धरणारा हात तर लगेच नजरेत भरतो.

काठपदर
नऊवारीचा हिशेब मांडून बघा म्हणजे बोळा का होतो ते कळेल. दीडशे सेंमीची बाई ३० सेंमीत, म्हणजे माप पाचास एक. सव्वाआठ मीटरचं लुगडं १६५ सेंमी झालं, पन्हा २३-२४. लांबी-रुंदी पाचपट लहान झाली, कापडाची जाडी मात्र तेवढीच राहिली. ब्लाउजपीसचा एक थर या मापावर सतरंजीइतका जाड पडतो. म्हणून खरं नेसवायचंच नाही, नेसल्याचा भास करायचा.

कापड मलमल, तेही जुनं. नवं असेल तर तीन-चारदा धुऊन खळ काढलेलं. लांबी ९० ते १०० सेंमी पुरते. कंबरेला एकच वेढा, निऱ्या वेगळ्या तुकड्याच्या करून आतून टाचायच्या. कासोटा स्वतंत्र पट्टी: पुढून मांड्यांमधून मागे घट्ट ओढून कंबरेत टाचा. कोळणीचं लुगडं गुडघ्यापर्यंतच आणि मांड्यांना चापून बसलेलं असतं, घोट्यापर्यंत सोडलंत तर ती पुण्याची आजी होईल. जुन्या पद्धतीत वरच्या अंगाला वेगळी फडकी असते, तिचा फायदा घ्या: पदर खालच्या लुगड्यातून वर आणावाच लागत नाही, कंबरेची अर्धी जाडी तिथेच वाचते.

काठ दीड सेंमीपेक्षा रुंद नको. बाजारातली जरीची लेस कडक असते, मोडच घेत नाही. त्यापेक्षा फॅब्रिक कलरने दोन रेषा ओढा. निऱ्या बसवायला एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी, कापडाच्या आतल्या बाजूने ब्रशने. टाचण्या लावून रात्रभर ठेवा. गडद रंगावर पांढुरकी झाक राहते, आधी कोपऱ्यावर बघा. भाताची पेज किंवा साबुदाण्याची खळ अजिबात नको. कोकणात झुरळं महिनाभरात फस्त करतील.

आणि अंग शिवताना ताणा (कापडाचे उभे धागे) हातापायांच्या लांबीत ठेवा. तिरका आला की भरल्यावर पाय पिळवटतो. भरायला सावरीचा कापूस दमट हवेत गोळे धरतो. फायबर घ्या, चिमूट चिमूट, चॉपस्टिकने तारेच्या चारी बाजूंनी सारखा दाबत.

मातीकाम
बुरशीचं राहिलं. क्ले मळताना मुठीएवढ्या गोळ्यात लवंगतेलाचे दोन थेंब टाका. उघडलेलं पाकीट हवाबंद डब्यात, ओल्या फडक्यासकट नको. फडक्यावरच आधी बुरशी धरते.

रंगाआधी घासणं: पॉलिशपेपर २२०, मग ४००, शेवटी ६०० नंबर, सगळं कोरडं आणि तोंडाला मास्क लावून. कागदी क्ले पाण्याने घासली तर पृष्ठभाग सालपटासारखा उठतो. नंतर गेसोचे दोन पातळ हात, पण वजन स्थिर झाल्यावरच, नाहीतर अडकलेली ओल रंगाचे पापुद्रे उचलते. कातडीचा रंग एका हातात देऊ नका. आधी तांबूस तपकिरी, त्यावर पाण्यासारखा पातळ गडद तपकिरी सुरकुत्यांत सोडून वरचा फडक्याने टिपून घ्या. वार्निश सगळीकडे मॅट, ग्लॉस फक्त बुबुळांवर, खालच्या पापणीच्या कडेला आणि टोपलीतल्या माशांवर.