अकराव्या दिवसापासून सुरू होणारा चित्रपट: पोलीस ठाणं, दवाखाना, कोर्ट यांचे तपशील हवेत

पटकथा_घणसोली

नमस्कार मंडळी. साधारण ९५ मिनिटांच्या मराठी चित्रपटाची पटकथा लिहितेय. नायिका ३४ वर्षांची, ऐरोलीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला, घणसोलीत सिडकोच्या घरात आई आणि धाकट्या भावाबरोबर राहते. कळव्यात, ओळखीच्या माणसाच्या घरी तिच्यावर बलात्कार झालाय. ते पडद्यावर येणार नाही, फ्लॅशबॅकमध्येही नाही. ती पोलीस ठाण्यात जाते त्या अकराव्या दिवशी गोष्ट सुरू होते आणि उलटतपासावर संपते. निकाल दाखवायचा नाही. पार्श्वसंगीत नाही, भाषणं नाहीत.

अडचण अशी की संयत लिहायला गेलं की दृश्यं पोकळ होतात. ती खिडकीत उभी आहे, ती चहा गाळतेय, ती लोकलमध्ये बसलीय, एवढंच. मग ती पोकळी भरायला कोणाच्या तरी तोंडी मोठा संवाद येतो आणि सगळं बिघडतं. म्हणून नेमकं विचारते: ठाण्याच्या हद्दीतला गुन्हा नवी मुंबईत नोंदवतात तेव्हा काय होतं? अकरा दिवसांनी वैद्यकीय तपासणीत काय उरतं? साक्षीच्या वेळी खरोखर काय बोललं जातं? शूटिंग आणि सेन्सॉरबद्दलही सांगा.

काळा_डगला

हद्दीचं आधी. घणसोली आणि कळवा दोन्ही ठाणे जिल्ह्यातच, पण घणसोलीला पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे आणि कळव्याला ठाणे शहरचे. तरी "आमच्या हद्दीत नाही, कळव्याला जा" असं सांगता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, फिर्याद घ्यावीच लागते. तिला शून्य क्रमांक पडतो आणि कागद कळव्याकडे वर्ग होतात. ही संहिता आणि भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहेत. प्रसंगाची तारीख आधी ठरवा. गुन्हा त्यानंतरचा असेल आणि संवादात "३७६", म्हणजे जुन्या दंड संहितेतलं बलात्काराचं कलम, आलं, तर ते चूक. आता शिक्षेचं कलम न्याय संहितेतलं ६४ आहे.

हा हद्दीचा तपशील पटकथेला फार उपयोगी आहे. घणसोलीत एकदा सांगून झाल्यावर कळव्याच्या तपासी अधिकारी येऊन पुन्हा पहिल्यापासून विचारतात. तेच वाक्य दुसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज सपाट झालेला असतो. एवढ्यावर एक दृश्य उभं राहतं, संगीत लागत नाही.

फिर्याद महिला पोलीस अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. टेबलापलीकडे मिशीवाला इन्स्पेक्टर ओरडतोय हे कृपया नको. खरी पकड आहे ती भाषेत. ती म्हणते, "त्याने दार लावलं." स्क्रीनवर उमटतं, "सदर इसमाने दरवाजाची कडी आतून लावली." ती म्हणते, "मला हलताच येईना." उमटतं, "मी घाबरून प्रतिकार करू शकले नाही." दोन्हींत फरक आहे, आणि तो तिला कळतो. शेवटी ठरलेली ओळ येते: "माझा वरील जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो मला वाचून दाखवला, तो बरोबर व खरा आहे." सही करण्याआधी तिला दुरुस्ती सांगता येते. तिने एकच शब्द बदलायला लावावा. "घाबरून" काढा, असं ती म्हणाली, तर या बाईबद्दल प्रेक्षकाला पुरेसं कळलं. फिर्यादीची प्रत तिला फुकट मिळते. तो घडी घातलेला कागद घरात कुठे ठेवायचा हाही एक प्रश्नच.

पुढे पुरवणी जबाब सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे घेता येतो, आईवडील किंवा जवळच्या नातेवाइकांसमोर. म्हणजे तिच्या स्वयंपाकघरात, आई ओट्यापाशी असताना. आईने सविस्तर पहिल्यांदा ऐकलं ते तिथेच, असं होऊ शकतं. मग कलम १८३ चा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब. तो शक्यतो महिला दंडाधिकारी घेतात, नसतील तर पुरुष दंडाधिकारी एका स्त्रीच्या उपस्थितीत. पोलीस खोलीबाहेर थांबतात.

अकरा दिवसांचा उशीर हा तुमच्या गोष्टीचा कणा आहे. उशीर झाला एवढ्यावर फिर्याद खोटी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या गुरमीत सिंग खटल्यात स्पष्ट केलं आहे. पण बचाव पक्ष तिथेच खणणार. आणखी एक काळजी: पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. चित्रपटातल्या बातमीत, फलकावर, न्यूज चॅनेलच्या पट्टीत तिचं नाव दिसलं तर तुम्ही नकळत दुसरा गुन्हा दाखवताय.

जांभळी_शाई

वैद्यकीय भाग लिहिते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, कलाकारांना वाचायला द्यावीत इतकी स्पष्ट.

शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंतच घेण्यात अर्थ असतो. अकराव्या दिवशी ते दिवस उलटलेत. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात, तीही वेळ गेली. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचे १२० तासही गेले. म्हणजे तपासणीच्या खोलीत तिला पहिल्यांदा कळतं की प्रत्येक गोष्टीला मुदत होती. डॉक्टर चांगल्या असतील तर हे न ओरडता, ठपका न ठेवता सांगतील. उरतं ते असं: लघवीची गर्भचाचणी (आज निगेटिव्ह आली तरी पुन्हा करावी लागते), एचआयव्हीची आजची चाचणी आणि नंतरच्या तारखा, हिपॅटायटिस बीची लस, अंगावरच्या खुणांची नोंद. मेकअपवाल्यांना आत्ताच सांगून ठेवा, अकराव्या दिवशी निळंजांभळं काही नको. फिकट पिवळसर डाग, किंवा काहीच नाही. जखम नसणं म्हणजे संमती नव्हे, आणि प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही हे कायद्याच्या व्याख्येतच आहे.

दृश्य म्हणून सर्वांत जड भाग तपासणीचा नाहीच, फॉर्मचा आहे. तपासणीला, नमुन्यांना, पोलिसांना कळवायला अशी वेगवेगळी संमती विचारतात, आणि नाही म्हणायचा हक्क तिला प्रत्येक ठिकाणी असतो. मग प्रश्न येतात. घटनेनंतर कपडे बदलले? अंतर्वस्त्रं बदलली? कपडे धुतले? अंघोळ केली? तोंड धुतलं? अकरा दिवसांनी जवळजवळ प्रत्येकाचं उत्तर "हो" आहे. जगायला लागणाऱ्या रोजच्या गोष्टी एकेक करून पुरावा पुसल्यासारख्या कागदावर उतरतात. इथे कॅमेरा पेनावर ठेवा, तिच्या चेहऱ्यावर नको. तपासणी सुरू झाल्याची आणि संपल्याची नेमकी वेळ अहवालात लिहावी लागते, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाला खरं काम आहे. अहवाल ७ दिवसांत तपासी अधिकाऱ्याकडे जातो.

कपड्यांचं बघा. त्या दिवशीचा ड्रेस तिने न धुता कपाटात तळाला कोंबून ठेवला असेल तर तो अकराव्या दिवशीही पुरावा आहे. ओलसर असेल तर सावलीत वाळवतात, मग कागदी पाकिटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही, कारण ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. चित्रपटांत हटकून पारदर्शक पिशवी दिसते. आपल्याकडे खाकी पाकीट, त्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, दोरा आणि लाखेचं सील. मेणबत्तीवर लाख वितळतेय, थेंब पाकिटावर पडतोय, त्यावर शिक्का दाबला जातोय, आणि आत तिची ओढणी आहे. वीस सेकंद पुरतात.

"टू फिंगर टेस्ट", म्हणजे योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी, दाखवू नका, किंवा दाखवलीत तर ती करणारा चुकतोय हे स्वच्छ कळू द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिला नाकारलं, २०१४ च्या तत्त्वांत ती बाद आहे आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ती करणं म्हणजे गैरवर्तन ठरवलं.

अभिनयाबद्दल एकच. पहिल्या महिन्यात जे असतं त्याला तीव्र ताणप्रतिक्रिया म्हणतात. सतत थरथर, सतत अश्रू हे त्याचं एकमेव रूप नाही. बधिरपणा, झोप उडणं, मागून आवाज आला की दचकणं आणि आठवणीचा क्रम विस्कटणं हे जास्त खरं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं चित्र तिला आठवेल, आधी काय झालं आणि नंतर काय ते नाही. पोलीस मात्र क्रमच विचारतात. अभिनेत्रीला तो विसंवाद करायला द्या.

फ्रीजमध्ये_किल्ली

दृश्यं रिकामी वाटतात कारण त्यांत तिला काही करायचं नाही. चहा गाळणं हे काम नाही. दार लावणं हे काम आहे. सिडकोच्या घराला लाकडी दार आणि बाहेर लोखंडी जाळीचं दार असतं, म्हणजे दोन कड्या, एक कुलूप. पहिल्या दृश्यात भावाने बेल वाजवल्यावर दार उघडायला चार सेकंद लागू द्या, पुढच्या वेळी अकरा. कोणी काही बोलायचं नाही. तिसऱ्यांदा भाऊ बेल न वाजवता जिन्यावरूनच हाक मारतो. नातं बदललं हे तिथे कळतं.

लोकलचंही तसंच. घणसोलीहून ऐरोली म्हणजे मध्ये फक्त रबाळे, सलग एका शॉटमध्ये प्रवास बसतो. ऐरोली आलं, बायका उतरल्या, ती उठली नाही, गाडी दिघा गावकडे निघाली. पुढे ठाणे, आणि ठाण्याहून कळवा एकच स्टेशन. नकाशा माहीत असलेल्या प्रेक्षकाच्या पोटात गोळा येईल. मध्य रेल्वेची लेखी परवानगी घेऊनच करा. चोरून मोबाइलवर घेतलेल्या शॉटमध्ये बाकीच्या बायकांचे चेहरे त्यांच्या संमतीशिवाय येतात, आणि या विषयावरच्या चित्रपटात ते होता कामा नये.

पार्श्वसंगीत नसेल तर आवाजाची तयारी दुप्पट. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना गप्प उभं करून किमान ६० सेकंद खोलीचा नुसता आवाज घ्या, नाहीतर संकलनात दोन वाक्यांच्या मधे भोक पडतं. टेकच्या वेळी फ्रीज बंद ठेवा, त्याची घरघर वेगळी रेकॉर्ड करा. बंद करताना गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे निघताना चालू करायची आठवण राहते. पंख्याचंही असंच, संवाद चालू असताना बंद. पोलीस ठाण्यातला कीबोर्ड मात्र जवळून, वेगळ्या माइकने घ्या. काळा_डगला यांनी सांगितलेलं दृश्य त्या आवाजावरच चालणार आहे: ती थांबते, टकटक थांबते.

ट्यूबलाइटखाली शूट करणार असाल तर आपली वीज ५० हर्ट्झ आहे. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर शटरचा कोन १७२.८ अंश ठेवा, किंवा २५ फ्रेमला १८०. नाहीतर चित्रात काळे पट्टे सरकतात. स्वस्त एलईडी दिव्यांवर एवढ्यानेही भागत नाही, आदल्या दिवशी चाचणी घ्या.

रीळ_आणि_कात्री

सेन्सॉरचं थोडक्यात. १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लैंगिक हिंसाचाराची दृश्यं टाळावीत, विषयाला आवश्यक असतील तर कमीत कमी ठेवावीत आणि तपशील दाखवू नये, असं आहे. तुम्ही दृश्य दाखवतच नाही, तेव्हा प्रश्न उरतो शब्दांचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा) प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन गट झालेत. उलटतपासातल्या शब्दांमुळे यूए १६ किंवा ए (फक्त प्रौढांसाठी) यांपैकी काही मिळेल हे धरून चाला. शब्द बोथट करून खालचा गट मिळवण्यात अर्थ नाही.

युनिटमध्ये दहा किंवा जास्त माणसं असली की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. तिच्या सदस्यांचे फोन नंबर कॉलशीटवर छापा. उलटतपासाच्या दिवशी अभिनेत्रीचे क्लोजअप सकाळी आधी घ्या, वकिलाची बाजू नंतर. कॅमेऱ्यामागून वकिलाचे प्रश्न त्याच नटाने वाचावेत, सहायकाने नाही.

पटकथा_घणसोली

फॉर्म आणि पाकीट दोन्ही घेते. "घाबरून काढा" हे तर नक्कीच. काळा_डगला, शेवटचं दृश्य अजून धूसर आहे. उलटतपासात तिच्या चारित्र्यावर प्रश्न टाकले होते. ते चालतील का?

काळा_डगला

नाही. संमतीच्या मुद्द्यावर तिचं चारित्र्य किंवा पूर्वीचे संबंध विचारायला साक्ष कायद्यात मनाई आहे. वकिलाने विचारलं तर न्यायाधीश प्रश्न नाकारतील. सुनावणी सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ नुसार बंद दाराआड होते, म्हणून बाकड्यांवर गर्दी, पत्रकार, पहिल्या रांगेत रडणारी आई हे सगळं काढा. खोली जवळजवळ रिकामी असते. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदाराच्या व्याख्येत लैंगिक अत्याचाराच्या पीडितांना वयाची अट न ठेवता घेतलं, त्यामुळे आरोपी तिच्या नजरेस पडू नये अशी सोय तिला मागता येते. आरोपीचा चेहरा चित्रपटात येऊच नये असं वाटत असेल तर हे कारण आयतं आहे.

चारित्र्याऐवजी वकील त्या अकरा दिवसांवर येईल. ती अकाउंट्सला आहे ना? मग तिच्या कंपनीचा हजेरीपट निशाणी (क्रमांक दिलेला पुरावा) म्हणून दाखल होऊ द्या. घटनेनंतर तिसऱ्या दिवशी ती कामावर होती, महिनाअखेरीचे पगार तिने काढले, एका रुपयाचीही चूक नाही. "म्हणजे तुमची मनःस्थिती उत्तम होती?" यात अश्लील शब्द एकही नाही आणि याहून क्रूर प्रश्न सापडणार नाही.

आता नोंदीची पद्धत. वकील सूचना करतो, म्हणजे आरोपीची बाजू विधान म्हणून तिच्यापुढे ठेवतो, ती "नाही" म्हणते, आणि न्यायाधीश टंकलेखकाला सांगतात ते पूर्ण वाक्य असतं: "असे म्हणणे खरे नाही की, मी स्वखुशीने आरोपीच्या घरी थांबले होते." पुन्हा प्रश्न, पुन्हा "नाही", पुन्हा "असे म्हणणे खरे नाही की, घटनेनंतर मी नेहमीप्रमाणे कामावर जात होते म्हणून असे काही घडलेच नव्हते." अशी बारा-पंधरा वाक्यं एकापाठोपाठ. तिच्या तोंडून फक्त "नाही" बाहेर पडतं आणि तिच्या नावावर, "मी" लावून, आरोपीची अख्खी गोष्ट कागदावर उतरते. हे वाढवून लिहायची गरज नाही, जसं होतं तसं ठेवा. न्यायाधीशांचा आवाज एकसुरी हवा, त्यात दया नको आणि रागही नको.

साक्ष संपल्यावर ती वाचून दाखवतात, चूक असेल तर दुरुस्त करतात. घणसोलीच्या पोलीस ठाण्यात तिने एक शब्द काढायला लावला होता. इथे ती पूर्ण ऐकते, काही बदलायला सांगत नाही, ओढणी नीट करते आणि पिंजऱ्यातून खाली उतरते. दाराशी शिपाई पुढच्या प्रकरणाचा पुकारा करतो.