मदत हवी आहे: जुनी अमेरिकन काच ओळखायची कशी, धुवायची कशी, पुण्याला न्यायची कशी?

मृण्मयी_ओहायो

नमस्कार मंडळी. कोलंबसमध्ये एका घराच्या सामानविक्रीत काचेच्या वस्तूंचं खोकं घेतलं. अजून काहीही धुतलेलं नाही. आत आहे ते असं:

१. नारंगी झळाळीचा पसरट बोल, ९ इंची, बाहेरून द्राक्षांचे घड. खूण नाही.
२. निळा, झाकणाचा, पायवाला कँडी जार. यावरही द्राक्षं. चमक मोरपिसासारखी, एकदम भडक.
३. गुलाबी चौकोनी बटर डिश, झाकणासकट, पानांची नक्षी.
४. फिकट हिरवी कपबशी.
५. दुधी पांढरी फुलदाणी, अंगभर टपोरे फुगवटे. तळाशी लंबगोलात 'फेंटन' आणि एक बारीक ८.
६. सहा साधे पारदर्शक ग्लास, आतून धुरकट.

यातलं जुनं काय? डिशवॉशर चालेल का? आणि जानेवारीत विमानाने न्यायचं तर बांधायचं कसं?

चंदेरी

डिशवॉशर अजिबात नाही. उष्णता आणि क्षारयुक्त पावडर मिळून काचेचा पृष्ठभाग खातात, आणि खाल्लेला पृष्ठभाग परत येत नाही. १ आणि २ वरची झळाळी म्हणजे साच्यातून निघालेल्या गरम काचेवर फवारलेल्या धातूच्या क्षारांचा पातळ थर आहे. तो आधी जाईल.

आता ओळख. पाचवा सोपा, म्हणून आधी तो. फेंटन या अमेरिकन काच कंपनीने लंबगोलातली खूण १९७० पासून कार्निव्हल काचेवर (म्हणजे १ आणि २ सारख्या झळाळीच्या काचेवर) टाकायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्या मालावरही. ८ म्हणजे १९८० चं दशक, ९ म्हणजे नव्वदचं. त्याआधी नुसतं कागदी लेबल असायचं, ते पहिल्या धुण्यातच निघून जायचं. म्हणून फेंटनच्या या फुगवटेवाल्या दुधी काचेत बिनखुणेची वस्तू बहुधा जास्त जुनी. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं.

दुसरा जुना नाही. इंडियाना ग्लासने १९७० च्या दशकात अशी निळी झळाळीची द्राक्षांची भांडी ढिगाने काढली. जुन्या बाजारात 'अँटिक कार्निव्हल' म्हणून सर्वात जास्त हीच खपवली जातात. चमक सगळीकडे एकसारखी आणि भडक, हीच तिची चुगली. दिसायला छान आहे, ठेवा. फक्त जुन्याचा भाव देऊ नका.

पहिल्यासाठी आणखी माहिती हवी. बोल उपडा करून तळाच्या कड्यातून खिडकीकडे बघा. काचेचा मूळ रंग तिथे दिसतो, कारण फवारा तिथे कमी लागतो. कडं पांढरं पारदर्शक असेल तर हा मॅरिगोल्ड, म्हणजे बिनरंगी काचेवर नारंगी फवारा. द्राक्षांखाली दोरखंडासारखी पट्टी आहे का? तळाला एखादा भाग घासून खरखरीत केलाय का?

मृण्मयी_ओहायो

कडं पारदर्शक आहे. दोरखंड नाही. घासल्यासारखं काही दिसत नाही. खरंच कुठलंही अक्षर नाही.

चंदेरी

मग 'ग्रेप अँड केबल', म्हणजे द्राक्षं आणि दोरखंडाची नक्षी, बाद. ती नॉर्थवूड कंपनीने काढली आणि फेंटननेही. नॉर्थवूडची खूण म्हणजे वर्तुळात 'एन' आणि त्याखाली रेघ, पण हा 'एन' दिसला की हुरळून जायचं नाही. एल. जी. राईट कंपनीने नंतर वर्तुळात रेघेसह असाच एक 'डब्ल्यू' छापला, तो घाईत 'एन' वाटतो. आशियातून आलेल्या नकलांवर तर चक्क 'एन' सापडतो. खूण हा शेवटचा पुरावा. आधी नक्षी, मग मूळ रंग, मग काठ आणि तळ.

तुमचा बोल बेलेअर, ओहायोच्या इम्पीरियल कारखान्याचा असू शकतो. तुमच्यापासून दोन-अडीच तासांवरचं गाव. इम्पीरियलने साठच्या दशकात आपलेच जुने साचे वापरून कार्निव्हल पुन्हा काढलं, पण त्यावर एकात एक गुंफलेली 'आय' आणि 'जी' ही अक्षरं असतात. १९७३ नंतर त्याला 'एल' चिकटला. कारखाना १९८४ ला बंद पडला. तेव्हा अक्षरं नसतील आणि घासून काढलेलीही नसतील, तर जुन्या मालाकडे कल जातो. फोटोशिवाय ठाम बोलणार नाही.

काचसामान

तिसऱ्याबद्दल. चौकोनी, गुलाबी, पानं आणि तुरे असतील तर हा जेनेट कंपनीचा 'अ‍ॅडम' नमुना, १९३२ ते ३४. पण याच बटर डिशची नक्कल निघाली आहे, म्हणून दोन गोष्टी तपासा.

खालची डिश उपडी ठेवा, बाजू आडवी-उभी सरळ येईल अशी. तळाच्या नक्षीत बाणाच्या टोकासारखी चार टोकं आहेत. अस्सलमध्ये ती कोपऱ्यांकडे, म्हणजे ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्येकडे जातात. नकलेत ती बाजूंच्या मध्याकडे वळलेली असतात. मग झाकण: मोठ्या पानाच्या शिरा मधल्या शिरेला जाऊन टेकतात की अलीकडेच थांबतात? टेकल्या तर अस्सल.

आणि एक चैन म्हणून बघा. झाकणाला बाहेरून अ‍ॅडमची पानं आणि आतून 'सिएरा' नमुन्याच्या उभ्या रेघा, असं मिश्रण क्वचित सापडतं. तसं निघालं तर ते झाकण दोन्ही हातांनी धरा.

मृण्मयी_ओहायो

टोकं कोपऱ्यांकडे. शिरा टेकतात. आतून गुळगुळीत, म्हणजे चैन नाही :)

गंजलेला_खिळा

हिरव्या कपबशीसाठी अतिनील टॉर्च घ्या, ३९५ नॅनोमीटरची स्वस्तातली चालते. खोली पूर्ण अंधारी हवी, कारण ३९५ चा टॉर्च जांभळा उजेडही सोडतो आणि तो काचेवर परावर्तित होऊन फसवतो. काचेत रंगासाठी घातलेलं युरेनियम असेल तर कान, काठ, बूड, सगळी वस्तू आतून दिवा लावल्यासारखी झगझगीत हिरवी पेटते. मिणमिणता हिरवट उजेड आला तर काचेत युरेनियम नाही, मँगनीज आहे, आणि ३६५ च्या टॉर्चखाली मँगनीज जास्तच दिसतं. लोक इथेच चुकतात.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने युरेनियम अणुबॉम्बसाठी राखून ठेवलं आणि काचवाल्यांना ते १९५८ पर्यंत मिळालं नाही. म्हणून पेटणारी अमेरिकन काच सहसा युद्धाआधीची, नाहीतर १९५८ नंतरची.

कपाटात ठेवायला धोका नाही. घासू-कापू नका. त्यातून रोज चहा पिऊ नका. सोलकढी, लिंबू, लोणचं असलं आंबट तर त्यात मुळीच नको, आम्लाने काचेतला अंश सुटतो.

चंदेरी

आता धुणं. सिंकमध्ये नळाखाली धरू नका, प्लॅस्टिकचं टब घ्या, तळाशी जाड टॉवेल. पाणी कोमट, खोलीपेक्षा जरासंच गरम. भांडी धुवायचा साधा साबण दोन थेंब. एका वेळी एकच वस्तू टबमध्ये, दुसरी शेजारी बुडवली की टवका उडालाच. अंगठ्या काढा. नक्षीच्या खाचांसाठी दाढी करायचा मऊ ब्रश. तारेची घासणी, रांगोळीसारखी पावडर, ब्लीच नको.

धुरकट ग्लासांना: पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं, तीन-चार तास भिजत. हे फक्त साध्या काचेसाठी, झळाळीच्या किंवा सोनेरी काठाच्या काचेला अजिबात नाही. मग धुवा आणि *पूर्ण वाळू द्या*. ओली असताना प्रत्येक धुरकट काच स्वच्छ दिसते. वाळल्यावर निवळली तर पाण्यातला क्षार साचला होता. तशीच राहिली तर काच आजारी, म्हणजे तिच्यातला क्षार झिरपून पृष्ठभाग खराब झालाय. घरच्या घरी त्यावर उपाय नाही.

काचसामान

विकणारे अशा काचेला आतून तेलाचं बोट फिरवतात, धुरकटपणा तात्पुरता लपतो. ग्लास आतून तेलकट लागला की समजायचं.

टवके शोधायला काठावरून नख फिरवा, किंवा कापसाचा बोळा. बोळ्याचा तंतू जिथे अडकेल तिथे टवका. तळाचे चरेही बघा: वापराचे चरे सगळ्या दिशांना, लहान-मोठे. सगळे एकाच दिशेने समांतर असतील तर कुणीतरी सँडपेपरने वय वाढवलंय.

गंजलेला_खिळा

बांधणी. वर्तमानपत्र थेट काचेला लावू नका, शाई दुधी काचेला लागते. आधी बिनछापाचा पातळ कागद, मग बबल रॅप. झाकणं वेगळी. जार आणि कपाच्या पोटात कागद चुरगळून सैलसर भरा, दाबून ठासलात तर आतूनच तडकेल. बशी खोक्यात उभी ठेवा, आडवी नाही. आतलं खोकं हलवलं तर आवाज येता कामा नये. ते मोठ्या खोक्यात, चहूबाजूंनी दोन-तीन इंच भराव. बटर डिश हातसामानात घ्या.

जानेवारीचा ओहायो लक्षात घ्या: रात्रभर गाडीत गोठलेलं खोकं घरात आणून लगेच उघडून धुतलं की तडा. बंद खोकं खोलीत चार-पाच तास तसंच राहू दे.

भिंगरी

थोडं अवांतर. भारतात जुन्या बाजारात हत्तीच्या किंवा माशाच्या आकाराची झळाळीची फुलदाणी दिसली आणि विकणारा 'अमेरिकन' म्हणाला तर तळाशी, अंगावर इंग्रजी अक्षरांत 'जैन' शोधा. फिरोझाबादच्या जैन ग्लास वर्क्सने कार्निव्हल काच काढली होती, आणि परदेशातले संग्राहक आता तीच शोधत असतात.

मृण्मयी_ओहायो

टॉर्च आला. कप झगझगीत पेटला, बशी अगदी मंद. म्हणजे जोडी मूळची नाही?

गंजलेला_खिळा

बहुधा नाही. नंतर कुणीतरी जुळवलेली असावी. बशीच्या मधल्या खळग्यात कप नीट बसतो का बघा, फार हलला तर शंका आणखी वाढते.