शाळा आणि घर : पोरांना सांभाळताना आलेले अनुभव (सोलापूरकर, लिहा)

पूर्वभागची_लेक

लेकीच्या शाळेतून आज निरोप आला. मुलीला न्यायला घरातलं कोण कोण येणार त्यांचे फोटो द्या, कार्ड दाखवल्याशिवाय मूल गेटबाहेर सोडणार नाही. सासूबाई म्हणाल्या, एवढं काय ते. मला मात्र लई बरं वाटलं, आणि आमच्या महापालिका शाळेतल्या बाई आठवल्या. म्हणून हा धागा.

आमचं घर अशोक चौकाच्या मागं. वडील यंत्रमागावर, पाळी कधी दिवसाची कधी रात्रीची. आई विड्या वळायची. पालकसभा सकाळी अकराला असायची आणि कारखान्यात माल द्यायची वेळही तीच. विड्या वेळेत पोचल्या नाहीत तर पुढची पानं-तंबाखू मिळायची नाही, म्हणजे उद्याची मजुरी गेली. मग सभेला कोण जाणार? शाळेत मात्र बोललं जायचं की या वस्तीतल्या पालकांना पोरांचं काही पडलेलं नाही.

नव्या बाई आल्या त्यांनी आधी कारण विचारलं. मग शनिवारी दुपारी त्या स्वतःच वस्तीत यायला लागल्या. बायका मांडीवर सूप घेऊन, पत्र्याच्या मापावर पान ठेवून कात्रीनं कापत बसलेल्या असायच्या. बाई त्यांच्यात बसायच्या आणि एकेकीच्या पोराचं सांगायच्या. आईला मराठी समजायचं, पण बोलायला लाजायची, घरात सगळं तेलुगूच. बाईंनी मध्ये शेजारच्या अक्कांना बसवलं. आम्हा पोरांना मुद्दाम नाही, कारण पोरं आपल्या सोयीचं तेवढंच सांगतात! तिथंच आईनं पहिल्यांदा सांगितलं की नळाला पाणी रात्री येतं, ही माझ्याबरोबर घागरी भरते, म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगते. तोवर त्या पेंगण्यापायी मी रोज उभी राहायची. ते त्या आठवड्यापासून बंद झालं.

आणि बाईंनी बायकांना सांगितलं की शाळा सुटल्यावर पोरं एकटी मोठा रस्ता ओलांडतात, ट्रक थांबत नाहीत. मग बायकांनीच ठरवलं, कारखान्यातून परतणाऱ्यांपैकी एक जण त्या वेळेला रस्त्यावर थांबणार. कुणी लिहून दिलं नव्हतं, पण मी सातवी होईपर्यंत ते चाललं.

तुमच्याकडं शाळेनं घराचं ऐकलं, घरानं शाळेचं ऐकलं, असं काही घडलं असेल तर लिहा. नसेल घडलं तर तेही लिहा.

कडकभाकरी

पाण्याचं एकदम खरं गं. आमच्याकडं काल रात्री दोनला आलं. पोरगा आत्ता वर्गात काय करत असेल देव जाणे. भाकरी तव्यावर आहे, नंतर लिहिते.

जुळेसोलापूरचा_बाबा

रिक्षाचा अनुभव. पोरगी दुसरीत होती. रिक्षात दाटीवाटीनं पोरं, दोन तर काकांच्या शेजारी पुढच्या सीटवर, दप्तरं बाहेर लटकलेली. शाळेला विचारलं तर उत्तर, रिक्षा पालकांनी लावलेली आहे, आमचा संबंध नाही. पालकांना विचारलं तर, पोरं कमी केली की भाडं वाढतं.

आमच्यातल्या एकानं नियम काढून आणले. महाराष्ट्रात स्कूल बससाठी 2011 पासून वेगळे नियम आहेत. प्रत्येक शाळेत परिवहन समिती लागते, मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधी आणि वाहतूक पोलीसही त्यात. बसमध्ये मुली असतील तर बाई मदतनीस पाहिजे. हे समोर ठेवल्यावर शाळेनं बैठक घेतली, आणि बैठकीला रिक्षावाल्या काकांनाही बोलावलं हे मला सगळ्यात आवडलं. ते म्हणाले, भाडं थोडं वाढवा, मी पुढं एक पण पोर बसवणार नाही. आम्ही वाढवलं. त्यांनी शब्द पाळला, दरवाजाला आडवी दांडीही स्वतःच्या खर्चानं बसवली. उगाच रिक्षावाल्यांना शिव्या घालतो आपण.

बे_अण्णा

काय बे बाबा, किती वाढवलं भाडं ते पण सांग की. आमचे काका ऐकले तर उद्याच मागतील 😄

जुळेसोलापूरचा_बाबा

@बे_अण्णा तू आसरा चौकात चहा पाज, मग सांगतो.

झेडपीचे_गुरुजी

मी शिक्षक, जिल्हा परिषद शाळेत, ऊसपट्ट्यातल्या एका गावात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कागदावर आमच्याकडंही होत्या. प्रत्यक्षात सह्या करायला त्यांचे मालक यायचे.

मुख्याध्यापिकांनी बैठक संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी शाळेतच ठेवली. वाण दिलं, तिळगूळ दिला आणि मग अजेंडा काढला. त्या दिवशी जे कळलं ते आधीच्या कुठल्याच इतिवृत्तात नव्हतं. मुलींच्या शौचालयाला आतून कडी नाही, म्हणून मोठ्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. एक मुलगी दुपारी डोकं दुखतं म्हणून रोज घरी जायची, आम्ही समजायचो अभ्यासाचा कंटाळा. कडी दुसऱ्या दिवशी बसली. किती रुपयांची वस्तू ती! पण आम्हा पुरुष शिक्षकांना मुली ते सांगणार कशा?

अभ्यासाचं बोलायचं तर माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी 2020 ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळवून आले, त्यानंतर आमच्याकडंही सगळे पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दल बोलायला लागले, फोननं स्कॅन केला की पाठ, कविता ऐकता येतात तो. चांगलीच गोष्ट आहे. पण फोन बापाच्या खिशात, आणि बाप दिवसभर फडात. आम्ही वस्तीवर सांगितलं, संध्याकाळी जेवणाआधी अर्धा तास फोन पोराच्या हातात आणि बाप शेजारी. काही घरांत झालं, काही घरांत नाही. जिथं झालं तिथले बापही कविता ऐकायला लागले, एकानं तर मला रस्त्यात थांबवून अर्थ विचारला.

होटगीरोड_आई

गुरुजी, कडीचं वाचून पोटात कालवलं. आमची शाळा खासगी, विनाअनुदानित. आम्हाला ती समिती आहे का?

झेडपीचे_गुरुजी

@होटगीरोड_आई नाही, विनाअनुदानितला ती लागू नाही. तुमच्याकडं पालक-शिक्षक संघ असतो, 2011 च्या शुल्क कायद्यातला. त्याच्या कार्यकारी समितीतले पालक सोडत काढून निवडायचे असतात. पुढच्या सोडतीला नाव द्या.

होटगीरोड_आई

देते. मग माझंही लिहितेच. नाव-गाव काही सांगणार नाही, समजून घ्या.

लेक लहान. व्हॅननं जायची. एक दिवस म्हणाली, मी पुढं बसणार नाही. का गं? नाही बसणार. एवढंच. मी जास्त उकरलं नाही, फक्त म्हटलं, नको बसूस, आणि वर्गशिक्षिकेला संध्याकाळी फोन केला. माझ्या आवाजाला थरथर सुटली होती. त्यांनी पुरावा काय, गैरसमज असेल, मुलं कल्पना करतात, यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, उद्या ती त्या व्हॅननं येणार नाही आणि बाकीची मुलंही नाहीत.

संस्थेतले एक जण मात्र म्हणाले, आपल्यात मिटवू, शाळेचं नाव जाईल. बाई आणि मुख्याध्यापिका दोघी आमच्याबरोबर पोलिसांत आल्या. तिथं नीट कळलं की 2012 च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, अशी शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेवरसुद्धा. मुलाचं नाव कुठं बाहेर येता कामा नये. महिला अधिकारी साध्या कपड्यांत घरी आल्या, लेकीशी खेळत खेळत बोलल्या.

पुढं बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची बातमी आली 2024 च्या ऑगस्टमध्ये, तेव्हा मी रात्रभर जागी होते. आमच्या बाईंनी त्या दिवशी ऐकलंच नसतं तर? पालकांनो, मूल एक वाक्य बोलतं. दुसरं बोलेल याची वाट बघू नका. 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा, चाइल्डलाइनचा नंबर पोरांना पाठ करून द्या.

कडकभाकरी

ताई 🙏 तुझ्या लेकीला जवळ घेतलं असं समज. पिल्लू बरी आहे ना आता?

होटगीरोड_आई

@कडकभाकरी हो गं. आता कथ्थक शिकते. दिवसभर घरात घुंगरं.

पूर्वभागची_लेक

ताई, लिहिलंस हे मोठं काम केलंस. त्या बाईंना माझा नमस्कार सांग.

विजापूरवेस

आमची उर्दू शाळा, सातवीपर्यंतच. पुढचं हायस्कूल लांब, म्हणून दर वर्षी निम्म्या मुली घरी बसायच्या. अब्बा लोक नको म्हणतात असं सगळे बोलायचे. आमच्या हेडमास्टरीणबाईंनी आयांना घेऊन एक दिवस ते हायस्कूल दाखवायला नेलं. गेट कुठं, सुटायची वेळ काय, बाथरूम कसं, बस कुठं थांबते, सगळं. अम्मीनं घरी येऊन अब्बांना सांगितलं, मी बघून आले, हिला पाठवायचं. आमच्या गल्लीतल्या मुली घोळक्यानं जायच्या, घोळक्यानं यायच्या. मी आज नर्स आहे. ड्युटीवर निघाले, बाकीचं परत कधी.

यंत्रमागवाला

शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप यावर कुणी बोला राव. गुड मॉर्निंगची फुलं, वाढदिवस, कुणाची तरी सायकल विकायची आहे. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली तो निरोप त्यातच बुडाला. पोरगा नेहमीच्या वेळेला गेला, गेट बंद, भर बारा वाजता उन्हात परत चालत आला. सोलापूरचं ऊन माहितीये की सगळ्यांना. चेहरा लालबुंद, ओकारी. लिंबूसरबत पाजून, ओल्या कपड्यात गुंडाळून ठेवला.

सभेत मी हे बोललो. आता ग्रुपवर फक्त वर्गशिक्षक लिहितात, आणि वेळ बदलली की पोरांच्या डायरीत पण लिहून पालकांची सही मागतात. ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांना शेजारचं कुणी सांगायचं हे पण ठरलं.

बे_अण्णा

सायकल विकायची होती ती गेली का? खरंच विचारतोय, भाचीला पाहिजे.

यंत्रमागवाला

@बे_अण्णा गेली असेल, विचारून सांगतो. आता पोरगा कसा आहे ते पण विचार की बे 😄 मजेत आहे.

गड्डाप्रेमी

विषय थोडा बाजूला, पण आमच्या बालवाडीच्या ताई सिद्धेश्वर यात्रेच्या आधी प्रत्येक पोराच्या खिशात चिठ्ठी ठेवायला लावायच्या. घरचं नाव, पेठ, फोन. वर्गात नाटक करून घ्यायच्या, हरवलास तर काय करशील? पळायचं नाही, रडत कुणाच्याही मागं जायचं नाही, पोलिसमामांच्या नाहीतर दुकानात बसलेल्या काकूंच्या जवळ थांबायचं. होम मैदानात नंदीध्वजाच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या, गर्दीत माझा भाऊ खरंच हरवला. पाळण्याजवळ एका बांगड्यावाल्या काकूंकडं जाऊन चिठ्ठी दिली त्यानं. आम्ही पोचलो तेव्हा भजी खात बसला होता. घरच्यांनी नाही, शाळेनं शिकवलं होतं हे.

कडकभाकरी

भजी 😂 शहाणा पोरगा. माझा पण आला शाळेतून. डायरीत बाईंनी लिहिलंय, आज झोप येत होती, थोडा वेळ डोकं टेकू दिलं, पाठ उद्या घेते. मी खाली सही करून लिहिलं, रात्री पाणी होतं, आभारी आहे.

रेल्वेलाईन_आजोबा

नातवाच्या शाळेत तक्रारपेटी लावली आहे. कुलूप आहे, किल्ली कुणाकडं हे कुणालाच ठाऊक नाही. तुमच्याकडं काय पद्धत?

जुळेसोलापूरचा_बाबा

आजोबा, आमच्याकडं दर आठवड्याला उघडतात, एक शिक्षिका आणि एक पालक दोघांसमोर, आणि चिठ्ठ्या वहीत नोंदवतात. बहुतेक चिठ्ठ्या डब्यातली चपाती कुणी खाल्ली याच्याच असतात, पण त्याही वाचतात. शाळेत पोरांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असेल, 2022 पासून तसा शासन निर्णय आहे. त्यात पालक असतात, त्यांनाच गाठा.

रेल्वेलाईन_आजोबा

सोमवारी नातवाला सोडायला मीच जातो आहे. किल्लीचं विचारून इथं लिहितो.