कुलरच्या खोलीत तासन्‌तास घालता येईल असा गेमिंग हेडसेट कसा निवडावा?

निशाचर_भुसावळ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. रात्री जेवणे आटोपली की मी भुसावळहून आणि माझा धाकटा भाऊ पुण्याहून व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ हे नेमबाजीचे ऑनलाइन खेळ खेळायला बसतो. दिवसभराच्या नोकरीनंतर आमचे बोलणे होते ते याच वेळी, त्यामुळे हेडसेटचा आवाज जितका महत्त्वाचा, तितकाच त्याचा माईकही. सध्याचा हेडसेट तासाभरातच कानशिलांवर दाब देऊ लागतो, चष्म्याच्या दांड्या रुततात आणि कानांवर टेकणाऱ्या उशांवरचे रेक्झिन सोलून त्याचे काळे कण कानाला चिकटतात. होळी उलटली की आपल्याकडे काय परिस्थिती असते हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो आणि खोलीत कुलर सतत चालू असतो.

माझ्याकडे डेस्कटॉप संगणक आहे आणि ५,००० ते ६,००० रुपये खर्च करण्याची तयारी आहे. दुकानात गेलो तर प्रत्येक खोक्यावर ७.१ सराउंड (चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास), ५० मिलिमीटर ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर) आणि रंगीत दिवे यांचीच जाहिरात दिसते. यांतले खरोखर उपयोगाचे काय? वायरलेस घ्यावा की वायरचा? चष्मा असलेल्यांनी कोणत्या गोष्टी तपासाव्यात? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दुरुस्तीवाला_जळगाव यांचे उत्तर

भाऊ, मी जळगावात संगणक आणि ध्वनी-उपकरणांची दुरुस्ती करतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या हेडसेटपैकी पुष्कळसे ड्रायव्हर बिघडल्यामुळे येतच नाहीत. ते येतात उशा फाटल्यामुळे, पट्टा तडकल्यामुळे किंवा पिनेजवळ वायर तुटल्यामुळे. म्हणून आवाजाच्या आधी मी आरामाबद्दल लिहितो. जो हेडसेट तासाभरात काढून ठेवावासा वाटतो, त्याचा आवाज कितीही सुरेल असला तरी तो तुमच्या कामाचा नाही.

आराम तीन गोष्टींवर ठरतो : वजन, पकड आणि उशी. वजन २५० ग्रॅमच्या आसपास असेल तर मान अवघडत नाही. रेझरचा ब्लॅकशार्क व्ही२ एक्स २४० ग्रॅमचा आहे, तर हायपरएक्सचा क्लाउड २ वायरसह सव्वातीनशे ग्रॅमच्या जवळ जातो. तरीही क्लाउड २ अनेकांना हलका वाटतो, कारण त्याचा भार पट्ट्यावर सारखा विभागला जातो. त्यामुळे खोक्यावरचा आकडा वाचून थांबू नका, पट्ट्याची गादी डोक्याच्या किती भागाला टेकते हेही पाहा. स्टीलसिरीजच्या आर्क्टिस मालिकेतल्या बहुतेक हेडसेटमध्ये डोक्यावर ताणपट्टी असते आणि कमान तिच्या वर राहते. टाळूवर एकाच ठिकाणी दाब सहन न होणाऱ्यांना ती रचना मानवते.

आता उशी. आपल्याकडच्या हवेत हाच सर्वांत कळीचा मुद्दा आहे. बहुतेक हेडसेटवर चामडे नसते. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो आणि उष्णता, घाम व दमट हवा यांनी तो हळूहळू विघटित होऊन सोलपटतो. उन्हाळ्यात दिवसरात्र कुलर चालणाऱ्या खोलीत बाहेरची उष्णता कमी झाली तरी हवेतला ओलावा वाढतो, म्हणजे रेक्झिनला दोन्हीकडून त्रास. कापडी किंवा मखमली उशीतून हवा खेळती राहते, घाम टिपला जातो आणि ती सोलत नाही. मात्र तिच्यातून आवाजही थोडा निसटतो, म्हणून खालचे स्वर, अर्थात बास, किंचित उतरतो आणि बाहेरचा आवाज जास्त आत येतो. लॉजिटेकच्या जी प्रो एक्सच्या खोक्यात रेक्झिन आणि मखमल अशा दोन्ही जोड्या येतात. माझ्या मते खानदेशातल्या ग्राहकाने ही सोय एखाद्या जादा दिव्यापेक्षा कितीतरी मोलाची मानावी.

ड्रायव्हर ५० मिलिमीटरचा आहे की ४० मिलिमीटरचा, यावरून आवाजाचा दर्जा ठरत नाही. ड्रायव्हरचा पडदा कशाचा आहे, कानावरचा कप आतून कसा घडवला आहे आणि कोणते स्वर किती उचलले आहेत, यावर तो ठरतो. खेळासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक हेडसेटमध्ये बास मुद्दाम फुगवलेला असतो. स्फोट दणदणीत वाटतात, पण त्या दणदणाटाखाली पावलांचे, बंदूक भरल्याचे, दार सरकल्याचे बारीक आवाज बुडतात. तुम्ही जे खेळ खेळता त्यांत तेच आवाज हवे असतात. हेडसेट थोडा जड आवाजाचा निघालाच, तर विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे मोफत सॉफ्टवेअर टाकून बास दोन-तीन डेसिबलने उतरवता येतो.

७.१ बद्दल स्पष्ट लिहितो. आवाज कुठून आला हे माणूस दोनच कानांनी ओळखतो. बाजूने आलेला आवाज दूरच्या कानापर्यंत पोहोचायला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशीर लागतो, तो तिथे थोडा मंद होतो आणि कानाच्या पाळीच्या वळणांमुळे त्याचा पोत बदलतो. मेंदू एवढ्यावरून दिशा काढतो. हाच हिशेब सॉफ्टवेअरने केला की साध्या स्टिरिओ हेडफोनमध्येही पुढचे-मागचे, वरचे-खालचे कळू लागते. व्हॅलोरंटच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफ नावाने ही सोय आहे आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्येही हेडफोनसाठीची अशी प्रक्रिया खेळातच होते. त्यावर पुन्हा हेडसेटचे आभासी ७.१ किंवा विंडोजमधली विंडोज सोनिक ही तशीच सोय चालू ठेवली, तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि दिशा धूसर होते. म्हणून विंडोजमध्ये स्टिरिओ ठेवा, बाकीचे सराउंड बंद करा आणि खेळातली सोय चालू ठेवा. ७.१ च्या नावावर जादा पैसे देऊ नका.

चष्मेवाली_धुळे यांचे उत्तर

दुरुस्तीवाल्या दादांनी बहुतेक सगळे लिहिले आहे. चष्म्याबद्दल मी भर घालते, कारण माझा नंबर मोठा आहे आणि मीही रात्री मैत्रिणींबरोबर खेळते.

चष्मा घालणाऱ्याला उशी मऊ आणि खोल हवी. उशी कडक असेल तर ती दांडीला कवटीवर दाबते, आणि दांडीमुळे उशी व त्वचा यांच्यात जी फट पडते तिच्यातून बास निसटतो. दाबल्यावर सावकाश मूळ आकाराला येणारा मेमरी फोम दांडीभोवती स्वतःला जुळवून घेतो. चष्म्याची दांडी पातळ आणि चपटी असेल तर फरक ताबडतोब जाणवतो. जाड प्लास्टिकच्या दांड्यांना कोणताच हेडसेट मानवत नाही. उशीच्या आतली जागाही बघावी. कानाचे टोक आतल्या जाळीला टेकत असेल तर अर्ध्या तासाने तेच टोक दुखू लागते, आणि दुकानात दोन मिनिटे घालून ते कळत नाही. म्हणून निदान पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवून, मान हलवून, बोलून पाहावे. दुकानदार नको म्हणत असेल तर दुसरे दुकान बघावे.

नवा हेडसेट घट्ट वाटला तर लगेच परत करू नका. त्याच्या मूळ खोक्यावर, म्हणजे डोक्यापेक्षा किंचित रुंद वस्तूवर, रात्रभर ताणून ठेवला की पकड हळूहळू सैल होते. हे धातूची कमान असलेल्या हेडसेटच्या बाबतीतच करावे. निव्वळ प्लास्टिकचा पट्टा ताणला तर तडकतो.

अमळनेर_श्रोता यांचे उत्तर

मी थोडे वेगळे मत मांडतो. एवढ्या उकाड्यात गेमिंग हेडसेटच कशाला? मागची बाजू उघडी असलेला, म्हणजे ओपन-बॅक, हेडफोन घ्यावा आणि माईक वेगळा जोडावा. उघड्या हेडफोनमध्ये कपाच्या मागे जाळी असते, हवा अडत नाही, कान तापत नाहीत आणि आवाज डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता आजूबाजूला पसरलेला वाटतो. पावले किती दूर आहेत हे मला तरी बंद कपापेक्षा त्यात अधिक नेमके कळते. फिलिप्सचा एसएचपी९५०० हा त्या प्रकारातला जुना आणि नावाजलेला हेडफोन आहे. त्याची वायर सुटी होते आणि कपाला साधे ३.५ मिलिमीटरचे छिद्र असल्यामुळे दांडीचा माईक असलेली वायर तिथे बसवता येते. अर्थात प्रत्येक हेडफोनचे हे छिद्र सारखे नसते. सेनहायझरच्या काही हेडफोनांत ते अरुंद आणि फिरवून बसवायचे असते, त्यामुळे माईकची वायर घेण्याआधी मोजमाप जुळते का ते पाहावे. सावधगिरी एवढीच, की बीयरडायनॅमिक डीटी ९९० सारख्या हेडफोनची २५० ओमची (जास्त विद्युत-रोधाची) आवृत्ती घेऊ नये. संगणकाच्या साध्या जॅकवर तिचा आवाज पुरेसा चढत नाही. ३२ ओमच्या आसपासचे बरे.

निशाचर_भुसावळ यांची विचारणा

सर्वांचे मनापासून आभार. ओपन-बॅकची कल्पना आवडली, पण माझा कुलर जुन्या पत्र्याचा आहे आणि चांगलाच घरघरतो. तो आवाज आत येणार नाही का? आणि वायरलेसबद्दल कोणी लिहिले नाही.

दुरुस्तीवाला_जळगाव यांचे उत्तर

अमळनेरच्या भाऊंचे म्हणणे शांत खोलीपुरते मला पूर्ण मान्य आहे. आवाजाच्या मोकळेपणात उघड्या हेडफोनला तोड नाही. पण पत्र्याचा कुलर शेजारी घरघरत असेल तर हिशेब बदलतो. उघड्या जाळीतून ती घरघर जशीच्या तशी आत येते आणि पावलांचे बारीक आवाज तिच्यात हरवतात. मग माणूस नकळत आवाज चढवतो, आणि माझी खरी काळजी इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. तोच आवाज ९० डेसिबल झाला की ही मर्यादा ४ तासांवर येते. रोज रात्री खेळणाऱ्याची ती मर्यादा दोन-तीन दिवसांत संपते, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. खेळ संपल्यावर कानात बारीक शिटी वाजत राहिली तर आवाज जास्त झाला असे समजावे आणि दुसऱ्या दिवसापासून तो उतरवावा.

तुमच्यासाठी म्हणून मी मधला मार्ग सुचवतो : बंद कपाचा हलका हेडसेट आणि त्यावर कापडी उशी. तिच्यातून कुलरचा थोडा आवाज येईल, पण उघड्या जाळीइतका नाही. शक्य असेल तर कुलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा, त्याच्या पायांखाली रबर द्या आणि पंख्याचा वेग एक पायरी उतरवा. पुण्यातल्या भावाच्या कानाला याचा जास्त फायदा होईल, कारण कुलरची घरघर तुमच्यापेक्षा माईकला अधिक पकडता येते. माईक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटांच्या अंतरावर, श्वासाच्या सरळ रेषेबाहेर ठेवा आणि कुलर माईकच्या पाठीमागे येईल असे बसा. समोरूनच आवाज घेणारा माईक असेल तर मागची घरघर पुष्कळ कमी होते. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर बोलत असाल तर त्यातली क्रिस्प ही गोंगाट कमी करणारी सोय चालू करा.

वायरलेसपैकी साधा ब्लूटूथ या कामाला घेऊ नका. त्यावर आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचणे सामान्य आहे, आणि जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये माईक चालू होताच खेळाचा आवाजही फोन कॉलसारखा सपाट होतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या छोट्या रिसीव्हरसह येणारे वायरलेस हेडसेट खेळाला चालतात, उशीर जाणवत नाही. पण तुमच्या रकमेत त्यांच्यात ध्वनी आणि बांधणी यांवर कात्री लागते. शिवाय लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. आपल्या उन्हाळ्यात ती लवकर थकते, आणि बहुतेक हेडसेटमध्ये ती बदलणे सोपे नसते. डेस्कटॉपवर एकाच जागी बसून खेळणाऱ्याने वायरचाच घ्यावा असे माझे ठाम मत आहे.

डेस्कटॉपला माईक आणि हेडफोन यांची छिद्रे बहुधा वेगळी, गुलाबी आणि हिरवी असतात. हेडसेटची पिन एकच, चार कड्यांची असेल तर दोन्हींत विभागणारी छोटी वायर लागेल. खोक्यात नसेल तर वेगळी मिळते. पुढच्या पॅनेलमधून गूं असा आवाज येत असेल तर आधी घराचे अर्थिंग तपासून घ्या. तरीही तो राहिला तर यूएसबीचे छोटे साउंड कार्ड लावावे.

चष्मेवाली_धुळे यांचे उत्तर

एक विचारायचे होते. उशा वेगळ्या विकत मिळतात का? माझ्या हेडसेटबरोबर एकच जोडी आली होती.

दुरुस्तीवाला_जळगाव यांचे उत्तर

मिळतात, ताई. प्रचलित मॉडेलच्या उशा ऑनलाइन सहज मिळतात. तुमच्या मॉडेलची मिळत नसेल तर जुनी उशी काढून तिचा बाहेरचा आकार, आतल्या छिद्राची लांबी-रुंदी आणि जाडी अशी तिन्ही मापे मिलिमीटरमध्ये घ्या, आणि कडेची घडी खाचेत अडकते की प्लास्टिकच्या कड्यावर बसते तेही पाहून ठेवा. जाडी मूळ उशीइतकीच ठेवा. ती वाढली तर कान ड्रायव्हरपासून दूर जातो आणि आवाजाचा पोत बदलतो. मेमरी फोम धुऊ नये. वरचे कापड ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे, उन्हात वाळवले तर डिंक सुटतो.