गाडीच्या नव्या पीपीएफवर (रंगावरच्या पारदर्शक संरक्षक फिल्मवर) टँकरच्या पाण्याचे डाग आणि कडेला काळी रेघ, उपाय काय?

बाणेरची_पांढरी
पांढऱ्या एसयूव्हीला पूर्ण बॉडी ग्लॉस टीपीयू (लवचिक प्लास्टिक) पीपीएफ बसवून पंधरवडा होत आला. सोसायटीत टँकर आणि बोअरचं मिसळलेलं पाणी येतं. बॉनेटवर पांढरी वर्तुळं उमटलीत, शाम्पूने जात नाहीत. फेंडरवर मोहरीएवढे फुगे आहेत. दाराच्या कडेला फिल्म संपते तिथे काळी रेघ दिसायला लागलीये. गाडी पुसणारे काका रोज ओलं फडकं मारतात. प्रेशर वॉश चालेल का? घरात रबिंग पॉलिश पडलंय, ते डागांवर वापरू का?

फिल्मवाला_पिंपरी
पॉलिशला हातही लावू नका. बारीक ओरखडे उष्णतेने भरून येतात ते फिल्मच्या वरच्या थरामुळे, म्हणजे टॉप कोटमुळे. तो फार पातळ असतो. रबिंग पॉलिशने तोच झिजतो, मग त्या जागी डाग लवकर धरतात आणि ओरखडे भरत नाहीत.

फुग्यांची घाई नको. फिल्म साबणपाण्यावर सरकवत बसवतात, त्यातलं थोडं खाली राहतंच. अंगठ्याने हलकं दाबल्यावर सरकला तर तो पाण्याचा. उन्हात गाडी उभी राहिली की दोन ते चार आठवड्यांत सुकतो, पावसाळ्यात जास्त वेळ घेतो. टाचणीने टोचलंत तर फुगा जाईल पण भोक राहील आणि त्यातून मळ आत शिरेल. मध्ये काळा ठिपका दिसत असेल तर तो धुळीचा कण, तो आपोआप जाणार नाही. महिन्यानंतर जे उरेल ते बसवणाऱ्याला दाखवा.

दोन_बादल्या
वर्तुळं म्हणजे पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार. थेंब उन्हात सुकला की क्षार मागे राहतो आणि तापलेल्या पॅनेलवर घट्ट बसतो. म्हणून धुणं सकाळी लवकर, सावलीत, बॉनेट हाताला गार लागत असताना.

साधं पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समसमान घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचा कॅन मिळतो तेच पाणी. आधी बंपरच्या खालच्या कोपऱ्यावर करून बघा. मायक्रोफायबरचं (मऊ, बारीक धाग्यांचं) फडकं त्यात भिजवून डागावर एक-दोन मिनिटं नुसतं ठेवा, सुकू देऊ नका, घासू नका. मग शाम्पूच्या पाण्याने धुवा. एकदा-दोनदा करून गेलं नाही तर क्षाराने टॉप कोट खाल्लाय असं समजा. तिथे जोर लावून उपयोग नाही.

काकांचं फडकं मात्र बंद करा. त्याच बादलीत आधीच्या दहा गाड्यांची वाळू असते, आणि मेट्रो-बांधकामाच्या धुळीत ती काय करते हे पांढऱ्यापेक्षा काळ्या गाडीवर लवकर कळतं. हलके चरे ६०-७० अंशांचं पाणी सोडल्यावर किंवा उन्हात भरून येतात. फिल्म कापली गेली असेल तर नाही.

बाणेरची_पांढरी
घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी साठवून त्याने धुतलं तर? फिल्टर झालेलंच असतं ना.

दोन_बादल्या
उलटं आहे. गाळून घेतलेले क्षार त्याच पाण्यात जातात, म्हणून त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) नळाच्या पाण्यापेक्षा जास्त असतो. फरशीला वापरा. गाडी टँकरच्या पाण्याने धुतलीत तरी चालेल, पण शेवटी दोन-तीन लिटर डिस्टिल्ड वॉटर वरून सोडा आणि जाड मायक्रोफायबरने लगेच टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं.

कात्रज_घाट
काळी रेघ म्हणजे कडेच्या उघड्या गोंदाला चिकटलेली धूळ. केमिस्टकडचं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल समान पाण्यात मिसळा, फडकं बोटाला गुंडाळा आणि कडेच्या रेषेत हलक्या हाताने फिरवा. थेट फवारू नका, कडेखाली शिरलं तर गोंद मऊ पडतो. रॉकेल, थिनर, पेट्रोल अजिबात नको.

प्रेशर वॉश चालतो, पण नोझल किमान ३० सेंमी लांब, रुंद फवारा, आणि पाण्याची दिशा फिल्मच्या मधून कडेच्या बाहेर. उलट दिशेने मारलं की फिल्म उचलली जाते आणि उचललेल्या कडेत माती गेली की ती परत बसत नाही. सर्व्हिस सेंटरला गाडी देताना पीपीएफ आहे हे जॉब कार्डवर लिहून घ्या, नाहीतर तिथला पोऱ्या कडेवरच प्रेशर वॉशची नळी धरतो.

फिल्मवाला_पिंपरी
वर सिलिका बेसचा स्प्रे सीलंट (फवारून लावायचा संरक्षक थर) दोन-तीन महिन्यांनी मारला की क्षार कमी धरतो. मेण पांढऱ्या गाडीला नकोच, कडेत साचून पिवळं दिसतं.

कात्रज_घाट
सीलंटबद्दल सहमत, पण तो मारल्यावर क्षाराचे डाग पडणारच नाहीत असं समजू नका. थेंब गोळा होऊन बसतात आणि उन्हात तिथेच सुकतात. टिपणं सुटत नाही.

वडाखाली, पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावत असाल तर वटवाघळांची आणि पक्ष्यांची घाण त्याच दिवशी काढा. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून मऊ करा, मग उचला. सुकी खरवडलीत तर बियांचे टोकदार तुकडे फिल्मवर ओढले जातात. विसर्जनाचा गुलाल आधी कोरडाच झटकायचा, मग भरपूर वाहत्या पाण्याने. ओल्या फडक्याने पुसला की रंग विरघळून फिल्मवर पसरतो.